पिस्तुलाला बुलपप दस्ता बसवणे : कॅनडा, अमेरिका आणि भारतातील कायदा काय सांगतो?

उत्तरायण (कॅल्गरी)

नमस्कार. मी येथील क्लबाच्या रेंजवर हौसेने नेमबाजी करतो आणि माझ्या नावावर ९ मिमीचे ग्लॉक १७ रीतसर नोंदलेले आहे. २१ ऑक्टोबर २०२२ पासून कॅनडात सामान्य नागरिकांना पिस्तुलांची खरेदी-विक्री बंद झाली. त्यामुळे नवे काही घेता येत नाही आणि जे आहे त्यातच काही करता येईल का, असा विचार मनात घोळत राहतो.

डॅलसला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने त्याच्या ग्लॉकसाठी मेटा टॅक्टिकल कंपनीचे एपेक्स नावाचे कवच घेतले आहे. त्यात पिस्तुलाची मूळ नळी जाऊन १६ इंची नळी येते, पिस्तूल कवचाच्या मागच्या भागात बसते आणि पुढचा चाप एका जोडपट्टीमार्फत पिस्तुलाचा मूळ चाप ओढतो. मॅगझिन मुठीच्या मागे, जवळजवळ काखेपाशी येत असल्यामुळे नळी एवढी लांब असूनही एकूण लांबी बेताची राहते; या रचनेलाच बुलपप म्हणतात. खांद्याला लावून नेम धरता येतो, हा त्यातला मुख्य फायदा.

मला दोन प्रश्न आहेत. हे कवच कॅनडात आणता येईल का? आणि ते बसवल्यावर माझे पिस्तूल कायद्याने रायफल ठरून पिस्तुलबंदीच्या बाहेर पडेल का? विक्रेत्यांच्या जाहिरातींतून काहीच बोध होत नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

रानवारा (ओंटारियो)

दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असेच आहे, पण दोन्हींची कारणे वेगळी आहेत आणि ती समजून घेण्यासारखी आहेत.

पहिला मुद्दा कवचाचा. कॅनडाच्या १९९८ च्या नियमावलीत निषिद्ध वस्तूंची एक यादी आहे आणि तिच्यात बुलपप पद्धतीच्या दस्त्याचा (म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागाचा) स्वतंत्र उल्लेख आहे. रायफल, शॉटगन किंवा कार्बाइनचा (म्हणजे छोटेखानी रायफलीचा) जो दस्ता शस्त्राला जोडल्यावर त्याची एकूण लांबी कमी होते आणि गोळी भरण्याच्या यंत्रणेचा बराचसा भाग किंवा मॅगझिनची खाच नेहमीच्या पवित्र्यात चापाच्या मागे जाते, तो दस्ता निषिद्ध, असा त्या कलमाचा आशय आहे. यात निषिद्ध ठरतो तो दस्ता स्वतः. तो तुमच्या पिस्तुलाला जोडलेला असो किंवा तळघरात खोक्यात पडून असो, त्याने फरक पडत नाही. परवान्याशिवाय निषिद्ध वस्तू बाळगल्यास दंडसंहितेच्या ९१ व्या कलमाखाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि सीमेवरून आणताना सापडल्यास आयातीचा गुन्हा वेगळा लागतो.

दुसरा मुद्दा पिस्तुलाचा. दंडसंहितेच्या ८४ व्या कलमातील पिस्तुलाची व्याख्या मुद्दाम अशी केलेली आहे की त्यातून निसटायला फटच राहू नये. एका हाताने नेम धरून झाडण्यासाठी जे शस्त्र बनवले गेले, ते नंतर दोन्ही हातांनी झाडता येईल असे बदलले तरीही पिस्तूलच राहते. तेव्हा तुमचे ग्लॉक कशातही बसवले तरी ते पिस्तूलच राहणार, नोंदणी तीच राहणार, ते फक्त मान्यताप्राप्त रेंजवर नेता येणार आणि मॅगझिनमध्ये १० च गोळ्या भरता येणार.

याच व्याख्येमुळे इस्रायली रोनीसारखी साधी कवचे, म्हणजे ज्यांत मॅगझिन चापाच्या मागे जात नाही अशी, येथे वर्षानुवर्षे दुकानांत उघड विकली गेली. शस्त्राचा वर्गच बदलत नसल्यामुळे कोणाची हरकत येण्याचा प्रश्न नव्हता. तुम्हाला खांद्याचा आधारच हवा असेल तर तो मार्ग आहे.

चिंचेचे बन

रानवारा, एक शंका आहे. ताव्होर ही इस्रायली रायफल तर पक्की बुलपप आहे आणि ती कॅनडात हजारो लोकांनी कायदेशीररीत्या घेतलेली होती. मग दस्ता तेवढा निषिद्ध आणि आख्खी बंदूक चालते, हा न्याय कुठला? शिवाय कलमात रायफल, शॉटगन आणि कार्बाइन एवढेच शब्द आहेत, त्यांत पिस्तूल कुठेच नाही. मग पिस्तुलाचे कवच त्या कलमात कसे बसते?

रानवारा (ओंटारियो)

पहिल्या शंकेचे उत्तर असे की कारखान्यातूनच बुलपप म्हणून बाहेर पडलेल्या रायफलीला वेगळा दस्ता नसतोच. तिचे बाह्यांग हेच तिचे शरीर असते आणि ते काढले तर बंदूक उरत नाही. नियम ज्याला पकडतो तो नंतर जोडायचा सुटा दस्ता आहे. तर्क म्हणून हे मला पटत नाही, कारण दोन्हींची अंतिम लांबी आणि मारकशक्ती सारखीच असू शकते. पण नियमाची भाषा तशी आहे आणि अंमलबजावणीही तशीच होत आली आहे. एक गंमत म्हणून सांगतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ताव्होर एक्स९५ ची नळी १६.५ इंच असते आणि कॅनडासाठी खास १८.६ इंची नळी बनवली जात असे. कारण येथे सेमी-ऑटोमॅटिक (गोळी सुटली की पुढची आपोआप भरणाऱ्या) सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात करणाऱ्या) रायफलीची नळी ४७० मिलिमीटरपेक्षा आखूड असली की ती निर्बंधित वर्गात जाते. ग्लॉकनेही हेच केले. ग्लॉक १९ ची मूळ नळी १०२ मिलिमीटर, आणि येथे १०५ किंवा त्याहून आखूड नळीचे पिस्तूल निषिद्ध. तेव्हा कॅनडासाठी १०६ मिलिमीटरची नळी निघाली. चार मिलिमीटरने कोणाची सुरक्षितता वाढली, ते देव जाणे.

दुसरी शंका अधिक नेमकी आहे. कलमात पिस्तूल हा शब्द नाही हे खरे. परंतु ज्या वस्तूची विक्री 'कार्बाइन रूपांतर संच' या नावाने होते, तिच्या दस्त्याला कार्बाइनचा दस्ता म्हणू नका, असे न्यायाधीशाला सांगायला कोणता वकील उभा राहील? एखादा राहीलही. पण त्या वकिलाची फी आणि आपला परवाना पणाला लावून शब्दाचा कीस पाडण्याची हौस मला तरी नाही. त्यातून १६ इंची नळीचा प्रश्न वेगळाच. डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सी-२१ कायद्याने नळी आणि पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, यांना शस्त्राचे भाग ठरवले असून परवाना असल्याशिवाय ते घेता येत नाहीत.

मेस्किटची सावली (ऑस्टिन)

उत्तरायण यांच्या मावसभावाच्या बाजूने अमेरिकेतील परिस्थिती सांगतो, कारण तेथे जे चालते ते नेमके कशामुळे चालते हे पाहिले की कॅनडाशी असलेला फरक स्पष्ट होईल.

अमेरिकेचा मूळ कायदा १९३४ चा, नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट. त्याप्रमाणे १६ इंचांपेक्षा आखूड नळीची किंवा २६ इंचांपेक्षा कमी एकूण लांबीची रायफल ही 'आखूड रायफल' ठरते. ती संघराज्याच्या नोंदवहीत नोंदवावी लागते, आणि न नोंदवता बाळगली तर १० वर्षांपर्यंत कैद आहे. आता रायफल म्हणजे काय? खांद्याला लावून झाडण्याच्या हेतूने बनवलेले किंवा पुन्हा घडवलेले शस्त्र. म्हणजे चार-साडेचार इंची नळीच्या ग्लॉकला खांद्याचा दस्ता जोडला की त्या क्षणी ते आखूड रायफल होते. मावसभावाचे कवच कायदेशीर आहे ते केवळ १६ इंची नळी आणि २६ इंचांची एकूण लांबी या दोन अटी ते पूर्ण करते म्हणून. मूळ नळी तशीच ठेवून कोणी पिस्तूल त्या कवचात बसवले, तर त्याच वस्तूचा गुन्हा होतो. येथे कवच निर्दोष असते आणि जोडणी दोषी ठरू शकते. कॅनडात मात्र कवचच दोषी धरले आहे.

लांबीच्या या आकड्यांना काही शास्त्रीय आधार असेल असे समजू नका. १९३४ च्या मूळ विधेयकात पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरही होती. कोणी लांब बंदूक कापून तिचे पिस्तूल करू नये, म्हणून आखूड बंदुकांचे कलम त्यांच्या जोडीला आले. पुढे विरोधामुळे पिस्तुले विधेयकातून वगळली गेली, पण जोडीचे कलम मागे राहिले. त्यामुळे कोटाच्या खिशात मावणारे पिस्तूल मोकळे आणि खांद्याला लावायची, लपवायला कठीण अशी १५ इंची नळीची रायफल मात्र नोंदणीपात्र, असा उरफाटा प्रकार ९० वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

पिस्तुलाची रायफल करण्याचा संच विकला तर तो आखूड रायफल ठरतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. थॉम्पसन/सेंटर कंपनी कंटेंडर या पिस्तुलासोबत २१ इंची नळी आणि खांद्याचा दस्ता असा संच विकत असे. त्या भागांतून कायदेशीर रायफलही जुळत होती आणि बेकायदा आखूड रायफलही. १९९२ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कायदा संदिग्ध असेल आणि त्याच्यामागे शिक्षा असेल, तर संशयाचा फायदा नागरिकाला, हे तत्त्व तेथे लावले गेले. २०११ मध्ये एटीएफ या संघराज्याच्या शस्त्रविषयक यंत्रणेनेही मान्य केले की पिस्तुलाचे रायफल आणि रायफलचे पुन्हा पिस्तूल करायला हरकत नाही, मात्र मधल्या कोणत्याही टप्प्यावर आखूड नळी आणि खांद्याचा दस्ता एकत्र येता कामा नयेत.

आणि १ जानेवारी २०२६ पासून आखूड रायफलीवरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला आहे. नोंदणी, बोटांचे ठसे आणि मंजुरीची वाट पाहणे मात्र तसेच आहे. कर गेला म्हणजे कायदा गेला असे समजून वागणारे लोक मी येथील रेंजवर पाहतो, तेव्हा त्यांची काळजी वाटते.

सॅन होजेचा सुभेदार

टेक्सासकरांच्या विवेचनाला कॅलिफोर्नियाची पुरवणी जोडतो. आमच्या राज्यात ३० इंचांपेक्षा कमी लांबीची सेमी-ऑटोमॅटिक सेंटरफायर रायफल ही 'असॉल्ट वेपन' ठरते. त्यामुळे संघराज्याचा २६ इंचांचा नियम काटेकोर पाळणारे कवच ॲरिझोनाची सीमा ओलांडताच गुन्हा होते. मावसभावाला सहकुटुंब डिस्नेलँडला यायचे असेल तर ती वस्तू घरी ठेवून यावे.

खडूस मास्तर

मला या सगळ्या चर्चेत मूळ विसंगतीच सतावते आहे. गोळी तीच, यंत्रणा तीच, मॅगझिनची क्षमता तीच. नळी लांब केली तर ९ मिमी गोळीचा वेग थोडा वाढतो, एवढाच काय तो फरक. तरीही तिच्यावर प्लास्टिकचे आवरण चढवले की माणूस गुन्हेगार. अमेरिकेतल्या पिस्तूल-ब्रेसचा खेळ आठवून पाहा. २०१२ मध्ये एटीएफने सांगितले की पिस्तुलाला जोडून कोपरापुढच्या हाताला बांधायचा पट्टा, म्हणजेच ब्रेस, हा दस्ता नव्हे. २०१५ मध्ये सांगितले की तो खांद्याला टेकवला तर शस्त्राचा वर्ग बदलतो. २०१७ मध्ये ते मागे घेतले. २०२३ मध्ये नवा नियम काढून बहुतेक ब्रेसधारी पिस्तुलांना आखूड रायफल ठरवले आणि जून २०२४ मध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयाने तो नियमच रद्द केला. एकच वस्तू, एकच मालक आणि एका तपात पाच भूमिका. अशा कायद्याचा आदर नागरिकाने कशाच्या बळावर करायचा?

रानवारा (ओंटारियो)

मास्तर, विसंगती मलाही मान्य आहे आणि ब्रेसच्या प्रकरणात तर यंत्रणेने स्वतःची पत स्वतःच घालवली. पण लांबीला अर्थच नाही, हे म्हणणे मला टोकाचे वाटते. कायद्याला दोन गुणांची युती नको आहे. पिस्तूल लपवता येते, पण २५ मीटरपलीकडे सामान्य माणसाचा नेम डळमळतो. रायफलचा नेम पक्का असतो, पण ती कोटाखाली मावत नाही. बुलपप रचनेचे सारे कौशल्य यातच आहे की ती हे दोन्ही गुण एकत्र आणते. सैन्यांना ती हवी होती ती याच कारणासाठी, चिलखती गाडीतून उतरताना अडचण नको म्हणून. ऑस्ट्रियाने १९७७ मध्ये श्टायर ऑग घेतली आणि पाठोपाठ फ्रान्सने फामास घेतली, तेव्हा हाच हिशेब होता. कायदा करणाऱ्याला त्याच गुणाची भीती वाटली तर त्यात आश्चर्य नाही. त्याने ती भीती मोजपट्टीने मोजली, हा खरा गोंधळ आहे.

बालेवाडीकर (पुणे)

मी परवानाधारक नेमबाज आहे. भारताविषयी लिहितो, कारण हा धागा वाचून एखादा हौशी परदेशस्थ 'एक कवच मामासाठी सामानातून घेऊन जाऊ' असा विचार करण्याची शक्यता आहे.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे सहावे कलम पूर्वी नळी आखूड करणे आणि नकली शस्त्राचे खरे शस्त्र करणे यांपुरते होते. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात एक वाक्यांश वाढला. शस्त्र नियम २०१६ मधील एका वर्गातील शस्त्राचे दुसऱ्या वर्गात रूपांतर करणे, हेही आता विशेष परवान्याशिवाय गुन्हा आहे. आता हे नियमांच्या पहिल्या अनुसूचीला लावून पाहा. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर तिसऱ्या वर्गात मोडतात. सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रे पहिल्या, म्हणजे निषिद्ध शस्त्रांच्या वर्गात आहेत आणि त्यांतून पिस्तुलांना स्पष्टपणे वगळलेले आहे. म्हणजे स्वयंभरण असूनही पिस्तूल सामान्य परवान्यावर मिळते ते केवळ ते पिस्तूल आहे म्हणून. त्याला खांद्याचा दस्ता आणि लांब नळी लावून कार्बाइन केली, तर ही सवलत उरणार नाही, असे माझे वाचन आहे. अशा रूपांतराची शिक्षा २५ व्या कलमात किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप आहे. कॅनडातील ५ वर्षांची कमाल शिक्षा येथे किमान शिक्षेलाही पुरत नाही.

९ मिमीचे पिस्तूल तर भारतात सामान्य परवान्यावर मिळतच नाही, कारण सैन्य-पोलिसांचे काडतूस झाडणारे शस्त्र निषिद्ध बोअरचे मानले जाते. आमच्याकडे जी पिस्तुले दिसतात ती बहुधा .३२ बोअरची. सामानातून नळी आणणे म्हणजे शस्त्राचा भाग विनापरवाना आयात करणे, कारण अधिनियमाच्या व्याख्येत भागांचाही समावेश आहे. नुसते प्लास्टिकचे आवरण भाग ठरते की नाही यावर वाद घालता येईल, पण तो वाद विमानतळावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर रात्री तीन वाजता घालण्याची कल्पना करून पाहा.

व्यवहारातली अडचण वेगळीच आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की आम्हाला शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. तेथे हवालदार परवान्याचे पुस्तक उघडून पिस्तुलावर कोरलेला क्रमांक बोटाने चाचपत एकेक अंक जुळवून पाहतो, मग बोअर पाहतो, मग पावती फाडतो. पुस्तकात 'पिस्तूल' लिहिलेले आणि टेबलावर अडीच फुटी कार्बाइन, असे दृश्य दिसल्यावर पुढे काय होईल ते सांगायला नको.

स्पर्धात्मक नेमबाजीसाठीही याचा काडीचा उपयोग नाही. २५ मीटर पिस्तूल प्रकारात शस्त्र ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावे लागते आणि सामन्याआधी ते त्या पेटीत घालून तपासतात.

लेस्टरचा रहिवासी

ब्रिटनची बाजू थोडक्यात सांगतो. डनब्लेनच्या १९९६ च्या हत्याकांडानंतर येथे ३० सेंटिमीटरपेक्षा आखूड नळीची किंवा ६० सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीची जवळजवळ सर्व लहान शस्त्रे निषिद्ध झाली. त्यावर उपाय म्हणून काही नेमबाज लांब नळीची आणि मुठीच्या मागे कायमचा धातूचा दांडा बसवलेली पिस्तुले वापरतात. त्या दांड्याचे मुख्य काम ६० सेंटिमीटरची भरती करणे हेच आहे. तथापि ९ मिमी ग्लॉकला याचा काही उपयोग नाही, कारण १९८८ पासून येथे .२२ रिमफायर (काडतुसाच्या बुडाच्या कडेवर आघात करणाऱ्या) सोडून इतर सर्व सेमी-ऑटोमॅटिक रायफली बंद आहेत. कवच कितीही लांब केले तरी व्यर्थ.

मेस्किटची सावली (ऑस्टिन)

कायद्याचे एवढे झाल्यावर वस्तूविषयीही चार शब्द लिहितो, कारण अशा प्रकारची कवचे मी येथील रेंजवर हाताळली आहेत. बुलपपचा जुना दोष म्हणजे चाप. बोट पुढे आणि प्रत्यक्ष यंत्रणा वीतभर मागे, त्यामुळे मधल्या पट्टीतील लवचिकता बोटाला जाणवते. ग्लॉकचा चाप आधीच काही फार कुरकुरीत नसतो, त्यात ही पट्टी आली की गोळी नेमकी कोणत्या क्षणी सुटणार याचा अंदाज सैल होतो. दुसरी गोष्ट डावखुऱ्यांची. रिकामे काडतूस उजव्या बाजूने आणि गालाच्या अगदी जवळून बाहेर पडते, त्यामुळे डाव्या खांद्यावरून झाडणाऱ्याच्या तोंडासमोरच ते येते. मॅगझिन बदलताना हात काखेखाली न्यावा लागतो आणि तो सराव नव्याने करावा लागतो. ५० मीटरवर नेम सुधारतो हे निःसंशय, पण ती सुधारणा मुख्यतः खांद्याच्या आधाराची आहे आणि ती रोनीसारख्या साध्या कवचानेही मिळते. उत्तरायण यांच्यासारख्या कॅनडातील नेमबाजाने बुलपपच्या मागे लागण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

उत्तरायण (कॅल्गरी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बुलपपचा विचार मी सोडून दिला आहे. साधे कवच घेण्याआधी त्याचे नेमके मॉडेल लिहून प्रांताच्या मुख्य शस्त्र अधिकाऱ्याच्या कार्यालयाला लेखी विचारणा करणार आहे. फोनवर मिळालेल्या उत्तराला पुढे कोणी विचारत नाही, असे क्लबातील जुनी मंडळी बजावून सांगतात.

एक शेवटचा प्रश्न, माझा नव्हे, क्लबातील एका ओळखीच्या गृहस्थांचा. ते ह्यूस्टनहून नोकरीनिमित्त येथे स्थलांतरित झाले आणि घरसामानाच्या खोक्यांत एक जुना बुलपप दस्ता निघाला आहे. बंदूक त्यांनी तिकडेच विकली होती. आता त्यांनी काय करावे?

रानवारा (ओंटारियो)

प्रथम त्यांना सांगा की तो दस्ता गाडीत घालून कोठेही नेऊ नका, कोणाला विकू नका, भेटही देऊ नका आणि परत सीमेपलीकडे पोहोचवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नका. शस्त्रकायद्याचे काम करणाऱ्या वकिलाशी आधी बोलावे आणि त्याच्यामार्फत पोलिसांच्या आणीबाणीव्यतिरिक्तच्या क्रमांकावर कळवून वस्तू घरून घेऊन जाण्याची व्यवस्था करावी. पोलीस ठाण्याच्या खिडकीशी स्वतः ती घेऊन जाऊन उभे राहू नये. नेताना घेतलेली पोच मात्र जपून ठेवावी.